शाहू जयंतीच्या आत एक कागद

जून महिना लागला की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर शाहू महाराजांना विचारतात, शिष्यवृत्ती हुशारी बघून द्यायची सोडून जात बघून का देता? महाराज त्यांना पागेत घेऊन जातात. सगळ्या घोड्यांची चंदी एकाच जाजमावर ओतायला सांगतात आणि घोडी मोकळी सोडतात. धट्टीकट्टी जनावरं तुटून पडतात, अशक्त घोडी आणि शिंगरं लांबच उभी राहतात. ज्याच्या त्याच्या तोंडाला वेगळा तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, का बांधायचा, हे मग वकीलसाहेबांना आपोआप उमगतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं मी ही गोष्ट सांगितली. 26 जूनला, शाहू जयंतीला, पोरं ती भाषणात म्हणायची आणि टाळ्या पडायच्या.

त्याच वर्गात, तिसऱ्या रांगेत, तोबरा न बांधलेलं एक पोरगं बसलेलं असायचं. ते मला दिसलं नाही.

भोगावतीकाठचं गाव होतं, पोरगं चौथीत. घरी दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन हाच डेअरीत जायचा. आज फॅट किती लागली, लिटरला दर काय बसला, दहा दिवसांचं बिल किती, पेंडीचे पैसे कापून हातात किती, सगळं तोंडी सांगायचा. एकदा संस्थेच्या हिशोबातली चूक त्यानं काढून दिली होती आणि सचिवांनी ती मान्य केली होती. त्याच पोराची वही उघडली की माझं डोकं फिरायचं. ‘दिवस’ लिहायला सांगितलं की वेलांटी ‘व’ वर जायची. ‘पुस्तक’चं ‘पुतक’ व्हायचं. ‘घर’ आणि ‘धर’ त्याच्या लेखी एकच होते. आपली पहिली वेलांटी ही चमत्कारिक चीज आहे. कानाला आधी ‘द’ ऐकू येतो आणि मग ‘इ’, पण कागदावर वेलांटी ‘द’च्या आधी काढावी लागते. बाकीच्या पोरांना हे वर्ष-दोन वर्षांत जमून जातं. काहींना नाही जमत, आणि त्याचा त्यांच्या अकलेशी काही संबंध नसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी लाल शाईनं शेरा मारत राहिले: अभ्यास नाही, अक्षर सुधारावे, घरी लक्ष द्यावे. घरी लक्ष दिलं गेलं, म्हणजे वडलांनी वहीच्या पानागणिक मारलं. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. आता त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, चार माणसांना काम देतो. पण मागे एका लग्नात भेटला तेव्हा बायकोला माझी ओळख करून देताना म्हणाला, “ह्या आमच्या बाई. मी ढ होतो, पण बाईंनी लई सोसलं मला.”

त्या वाक्यानं मला आजतागायत सोडलेलं नाही.

त्या काळी कायद्यातही त्या पोरासाठी शब्द नव्हता. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, कर्णदोष, हातापायांचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. वाचता-लिहिता न येण्यामागेही एखादी अक्षमता असू शकते, हे त्यात कुठंच नव्हतं. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली, म्हणजे वाचनाची अडचण डिस्लेक्सिया, लेखनाची डिस्ग्राफिया, आकडेमोडीची डिस्कॅल्क्युलिया. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आली. सेरेब्रल पाल्सीला स्वतंत्र जागा मिळाली. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारसुद्धा आले. शब्द नसला की मूल कसं दिसत नाही ते मी स्वतः अनुभवलंय, म्हणून शब्दांना मी नावं ठेवणार नाही.

पण आता उलटी गत झाली आहे. शब्द भरपूर झाले आणि ते सगळे कार्यालयातच राहिले. निवृत्तीनंतर दर शनिवारी मी ओळखीपाळखीतल्या पालकांचे कागद वाचून देते. राधानगरीकडची एक आई अशीच आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद: आधार, युडीआयडीची म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची पावती, कान तपासल्याचा ऑडिओग्राम, कुठल्याशा शिबिराचं पत्र आणि शाळेनं दिलेली एक झेरॉक्स. पोरगी तिसरीत, दोन्ही कानांना यंत्र. झेरॉक्सवर लिहिलं होतं: ‘समावेशित शिक्षण उपक्रमांतर्गत विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करून साहाय्यभूत सेवा पुरविण्यात येत आहेत.’ ती म्हणाली, “बाई, ह्यात आमच्या पोरीचं काय लिवलंय, तेवढंच सांगा.” मी दोनदा वाचलं. पोरीचं नाव वरच्या रकान्यात एकदा होतं. खाली तिचं असं काहीच नव्हतं.

तिला काय हवं होतं? पहिल्या बाकावर जागा, तीही खिडकीच्या उलट्या बाजूला, म्हणजे बाईंच्या तोंडावर उजेड पडेल आणि ओठ दिसतील. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बाईंनी बोलू नये. श्रुतलेखन घेताना वर्गात फिरू नये. यंत्राचे सेल संपले तर दप्तरातल्या डबीत दोन जादा आहेत, हे शाळेत कुणाला तरी ठाऊक असावं. एवढंच. यातल्या कशालाच शासनाचा रुपया लागत नाही. पण हे कुठंही लिहिलेलं नसल्यानं दुसरीच्या बाई सांभाळून घ्यायच्या आणि तिसरीच्या गुरुजींना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक दिव्यांग मुलाच्या पालकांच्या हातात दरवर्षी शाहू जयंतीच्या आत एक पान कागद पडला पाहिजे. साध्या मराठीत. मुलाला काय जमतं, कुठं अडतं, वर्गात काय करायचं, परीक्षेत काय करायचं, आणि हे बघणार कोण. खाली वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्या सह्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, 26 तारखेपर्यंत दहा-बारा दिवस मिळतात. तेवढे पुरतात.

यावर कुणी म्हणेल, आराखडा तर बनतोच की. बनतो, मला माहीत आहे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तो मनापासून बनवतात. पण तो फाइलीत राहतो. वैयक्तिक आराखड्याची ही कल्पना जगभर गेली ती मुख्यतः अमेरिकेच्या 1975 च्या कायद्यातून. तिकडे तो आराखडा लेखी असावाच लागतो, तो ठरवणाऱ्या बैठकीत पालक हक्काने बसतात आणि वर्षातून किमान एकदा त्याचा फेरविचार करावा लागतो. आपल्या 2016 च्या कायद्यातलं 16 वं कलम शाळेवर बरंच बंधन घालतं: भेदभाव न करता प्रवेश, इमारत वापरण्याजोगी, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय, गरज पडेल तसं वैयक्तिक साहाय्य, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, मुलाच्या प्रगतीवर लक्ष. फक्त हे सगळं एका कागदावर उतरवून आईच्या हातात द्या, असं तिथं म्हटलेलं नाही. आराखड्याचं नाव आपण घेतलं आणि पालकाची सही तिकडेच राहिली.

पालकांच्या हाती कागद नसला की शब्दांचा घोळ होतो, आणि त्यात सगळ्यात घातक शब्द आहे ‘सवलत’. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सूट मिळते, ती सवलत. ती सरकारनं दिली, उद्या कमी-जास्तही करेल. पण दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळणं किंवा मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा लेखनिक मिळणं ही त्या जातीची गोष्ट नाही. तिथं प्रश्नपत्रिका तीच असते, उत्तरं तीच हवी असतात, तपासणारेही तेच. मुलाला जे येतं ते कागदावर उतरवायची वाट तेवढी मोकळी केलेली असते. तोबऱ्यात चंदी जास्त नसते, ती त्या घोड्याच्या तोंडापर्यंत पोचते इतकंच. कायद्यात यालाच वाजवी सोय म्हटलंय आणि ती हक्काची आहे. आपण मात्र शिक्षक, पालक, बोर्डाची परिपत्रकं, सगळे मिळून ‘सवलत’ म्हणतो. मग मूल ती घेताना मान खाली घालतं. वर्गातली बाकीची पोरं म्हणतात, ह्याची बरी मजा आहे.

सोय वेगळी आणि अभ्यासक्रमातला बदल वेगळा, हाही फरक पालकांना कुणीतरी बसून सांगायला हवा. मोठ्या अक्षरातला पेपर, तोंडी उत्तर, जादा वेळ या सोयी झाल्या. तिसऱ्या भाषेतून सूट घेणं किंवा गणित खालच्या इयत्तेच्या पातळीचं घेणं हा अभ्यासक्रमातला बदल झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला असा बदल लागतो आणि तो द्यायलाच हवा. पण नुसत्या सोयीवर ज्याचं भागतं, अशा पोराचं गणित भीतीपोटी आठवी-नववीत सोडवून टाकलं, तर पुढे आयटीआय, डिप्लोमा, सायन्स यांच्या वाटा त्याच्यासाठी अरुंद होतात. एका आईनं मला सांगितलं, “सरांनी फॉर्म दिला, सही कर म्हणाले, केली.” ती सही कशाची होती ते तिला दोन वर्षांनी कळलं.

तसंच प्रमाणपत्रावरच्या अपंगत्वाच्या 40 टक्क्यांचं. “टक्के भरत नाहीत, काही मिळणार नाही,” हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की तो कायदाच आहे असं वाटावं. 40 टक्के लागतात ते आरक्षणाला, बऱ्याचशा योजनांना आणि 2016 च्याच कायद्याच्या 31 व्या कलमातल्या 6 ते 18 वयाच्या मोफत शिक्षणाला. वर्गात पहिल्या बाकावर बसवायला टक्के लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 ला विकास कुमार यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या या परीक्षार्थीला, 40 टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, वाजवी सोयीचा हक्क त्या चौकटीपुरता नाही. हा निकाल दिल्लीत लागून किती वर्षं झाली, आणि आपल्याकडे अजून पहिला प्रश्न असतो, “प्रमाणपत्र आणलंय का?”

प्रमाणपत्र काढायचंच नाही असं मी म्हणत नाही, काढलंच पाहिजे. युडीआयडी कार्ड काढा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के प्रवेशांच्या ‘वंचित गटा’त 2012 च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मुलंही येतात, त्याला ते उपयोगी पडतं. बोर्डाच्या परीक्षेला तर त्यावाचून चालत नाही. पण चंदगडहून किंवा आजऱ्याहून मुलाला घेऊन कोल्हापूरला यायचं म्हणजे त्या घराचा एक रोज बुडतो. तज्ज्ञ डॉक्टरांचा वार चुकला तर दुसराही बुडतो. त्यातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांआधी देत नाहीत, कारण लहान वयात काही मुलं नुसती उशिरा वाचायला लागतात. हे कारण रास्तच आहे. पण म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाला तोवर तसंच बसवून ठेवायचं का? ‘प्रशस्त’ ही प्राथमिक तपासणीची यादी एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेनं केली, ती वर्गशिक्षकानेच भरायची असते. ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखायची साधनं मराठीतही तयार झालेली आहेत. प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात जे करता येईल ते करायला कुणाचा शिक्का लागत नाही.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण नोकरीत असताना मीही तोच घेतला असता. आधीच ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचं काम, त्यात हा आणखी एक कागद! खरं आहे. पण हा कागद वर पाठवायचा नाहीच. पोर्टलवर नको, केंद्रप्रमुखांकडे नको, त्याचा अहवालही नको. तो आई आणि वर्गशिक्षक यांच्यातला कागद आहे. वर्गात अशी दोन किंवा तीन मुलं असतात. प्रत्येकाच्या आईबरोबर अर्धा तास बसायचं. तेवढ्यानं वर्षभराची आदळआपट वाचते, आईची, मुलाची आणि शिक्षकाचीही.

विशेष शिक्षक पुरेसे असते तर कदाचित या कागदावाचून चाललं असतं. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात आपल्याकडची ही माणसं वर्षानुवर्षं कंत्राटावर राहिली. गगनबावड्यात जुलैचा पाऊस कोसळत असताना दुचाकीवरून एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातात. घरीच अंथरुणाला खिळलेलं मूल असेल तर त्याच्या घरी जाऊन शिकवतात. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. पण अशा शिक्षकाची एखाद्या शाळेत महिन्यातून एखादी फेरी होते, आणि मूल वर्गात रोज बसतं. त्या एका फेरीत त्यांनी जे ओळखलं, ते बाकीच्या दिवशी वर्गशिक्षकाच्या डोळ्यासमोर राहायला हवं.

दुसरा आक्षेप पालकांचाच असतो आणि तो मला जास्त जड जातो. कागद झाला की शिक्का बसला. उद्या पोरीच्या लग्नात आडवा येईल, भावकीत बोलतील. मी त्यांना एवढंच विचारते, आत्ता काय म्हणतात तिला? ढ, येडी, बहिरी, आळशी. हे शिक्के कुणी कागद न करताच मारलेत. नीट नाव दिलेली अडचण मुलाला स्वतःला कळते, आणि मग ते म्हणू शकतं, मला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, मला बोलून सांगू दे. माझ्या ट्रॅक्टरवाल्याला हे वाक्य कुणी दिलं असतं, तर तो चाळिशीत स्वतःला ढ म्हणाला नसता. ‘अपंग’ की ‘दिव्यांग’ यावर मात्र मी वाद घालत नाही. आया ‘अपंग’ म्हणतात, म्हणू देत. ‘मूकबधिर’ मात्र म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ऐकू न येणारं मूल मुकं नसतं आणि या एका शब्दानं कित्येकांना बोलायला किंवा खुणांची भाषा शिकवायचंच राहून गेलं.

गैरफायद्याचंही बोलायला हवं. शहरात काही सुखवस्तू घरांत दहावी जवळ आली की प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते, हे मी नाकारत नाही. पण त्याला उत्तर नियम आणखी कडक करणं हे नव्हे. त्यात भरडली जाते ती राधानगरीची आई, पैसेवाल्यांना पळवाट सापडतेच. ज्या मुलाच्या नावानं तिसरीपासून दरवर्षीचा एकेक कागद आहे, त्याची अडचण खरी की खोटी हे दहावीत कुणाला विचारावं लागणार नाही. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, नापास झालं की त्याच वर्गात बसावं लागू शकतं. तेव्हा आता दहावीपर्यंत थांबायलाही सवड उरलेली नाही. पाचवीतच हे पोरगं गळेल.

शेवटचा एक गुंता खात्यांचा आहे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो 3 डिसेंबर 2022 ला स्वतंत्र झाला, आणि साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. विशेष शाळेतून मूल साध्या शाळेत आलं की त्याच्याबद्दल जे कळलं होतं ते मागेच राहतं. मी विशेष शाळांच्या विरोधात नाही. कोणती शाळा घ्यायची हे कायद्यानं मुलावर आणि पालकांवर सोडलंय, आणि ते योग्यच आहे. खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या मुलाला तशीच भाषा बोलणारे सवंगडी लागतात. दुसऱ्या बाजूला याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली आणि उचगावला अपंग आणि इतर मुलं एकत्र शिकतील अशी शाळा उभी केली. दोन्ही वाटा हव्यात. फक्त एका वाटेवरून दुसरीवर येताना मुलाच्या हातात त्याचा कागद असावा.

शाहू महाराजांच्या करवीर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज दिव्यांग मुलाची आई मूल पाठवते, पिशवीभर कागद घेऊन पाठवते. आपण काय करू शकतो हे लिहून द्यायची पाळी आता शाळेची आहे.

राधानगरीच्या त्या आईचा कागद आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केला. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिला बाक, खिडकीच्या उलट्या बाजूला. बोलताना तोंड तिच्याकडे. श्रुतलेखन एका जागी उभं राहून. सेल दप्तरातल्या निळ्या डबीत. तोंडी परीक्षेत प्रश्न लिहूनही दाखवावा. सोमवारी तिनं शाळेत नेला. गुरुजींनी वाचला, म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं, आणि हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकला. पुढच्या शनिवारी ती परत आली. म्हणाली, “बाई, चौथीला गुरुजी बदलले तर?” आम्ही केलेल्या कागदाची झेरॉक्स तिच्याजवळ होती, तिच्यावर मी खाली सहावी ओळ लिहिली: वर्गशिक्षक बदलल्यास हा कागद नव्या शिक्षकांना पहिल्या दिवशी दाखवावा.